किट कारचे स्टीअरिंग व्हील निवडण्याआधी कॉलम पाहा

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. देवगडला घरामागच्या शेडमध्ये आपण दोन आसनांची उघडी गाडी बांधत आहात. चौकट चौकोनी नळ्यांची आहे, आराखडा इंग्लंडमधल्या एका किट कारचा, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या गाडीचा आहे, आणि इंजिन, चाके वळवणारा दातेरी रॅक व पुढची चाके भंगारात निघालेल्या एका छोट्या हॅचबॅकची आहेत. स्टीअरिंग व्हीलसाठी आपल्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, २८० मिमी व्यासाचे, झटक्यात काढता येणाऱ्या हबचे, म्हणजे व्हील दांड्याला जोडणाऱ्या मधल्या भागाचे, रेसिंग व्हील. दुसरा, इंग्लंडमधल्या विक्रेत्याने ‘आयव्हीए पास’, म्हणजे ब्रिटनच्या वाहन तपासणीत उत्तीर्ण, असे लिहून विकायला ठेवलेले ३५० मिमीचे व्हील. तिसरा, ओळखीच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे कडे, म्हणजे हातात धरायचे वर्तुळ, घडवून घेण्याचा. यांपैकी सुरक्षिततेच्या नियमांत कोणते बसेल, असे आपण विचारले आहे.

रत्नागिरीत गॅरेज चालवताना गेल्या सव्वीस वर्षांत मी बरीच स्टीअरिंग उतरवली आणि चढवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की प्रश्न व्हीलपाशी सुरू होत नाही. समोरून धडक बसली तर चालकाच्या छातीवर काय आदळेल, किती जोराने आदळेल आणि ती वस्तू मागे सरकत येईल की दबून जाईल, हा या नियमांचा खरा विषय आहे. व्हील हे त्या साखळीतले चालकाच्या सर्वांत जवळचे टोक आहे. त्याच्या मागे हब, हबमागे कॉलमचा, म्हणजे डॅशबोर्डखालच्या स्टीअरिंगच्या नळीचा, दांडा, त्यापुढे जोड दांडा आणि शेवटी रॅक आहे. हे दुसरे टोक गाडीच्या नाकात असल्यामुळे धडकेचा मार सर्वांत आधी तिथे बसतो. रॅकपासून व्हीलपर्यंत एकच सरळ, न दबणारी सळई असेल तर तिच्यावर कितीही चांगले व्हील बसवले तरी ती भाल्यासारखी आत येणारच.

अमेरिकेत १९६८ च्या आरंभी दोन मानके लागू झाली आणि मोटारींमधले दबणारे कॉलम तिथून सार्वत्रिक झाले. संयुक्त राष्ट्रांचा १२ क्रमांकाचा नियम त्याच विचाराचा आहे आणि आपल्याकडचे एआयएस-०९६ हे मानकही समोरासमोरच्या धडकेत स्टीअरिंग कसे वागते याविषयीच आहे. या नियमांचा गाभा दोन आकड्यांत सांगता येतो. ताशी सुमारे ४८ किमी वेगाने गाडी भिंतीवर आदळली तर कॉलमचे वरचे टोक चालकाकडे १२७ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. आणि माणसाच्या धडासारखा ठोकळा ताशी सुमारे २४ किमी वेगाने व्हीलवर आदळवला तर त्याच्यावर येणारे बल सुमारे ११,१०० न्यूटनच्या, म्हणजे ढोबळ मानाने अकराशे किलोंच्या भाराच्या वर जाता कामा नये. हे दोन्ही आकडे केवळ व्हील हातात घेऊन तपासता येत नाहीत. घरच्या शेडमध्ये तर ते अजिबात तपासता येत नाहीत. ज्या यंत्रणेची अशी चाचणी कुठेतरी झालेली आहे तीच अखंड उचलणे, एवढेच आपल्या हातात राहते.

आता ‘आयव्हीए पास’ या शब्दांविषयी. स्वतः बांधलेल्या एकेका गाडीसाठी ब्रिटनमध्ये ही तपासणी आहे. २००९ पासून ती आधीच्या एसव्हीए तपासणीच्या जागी आली. एकुलती एक गाडी भिंतीवर आपटून पाहणे शक्य नसल्यामुळे तिथला परीक्षक कॉलम दबणारा आहे का, व्हीलला धारदार कडा आहेत का, हे पाहणी करून किंवा कागदपत्रांवरून ठरवतो. म्हणजे विक्रेता इतकेच सांगत आहे की हे व्हील लावलेल्या गाड्या त्या पाहणीतून पार पडल्या. व्हीलच्या घडणीविषयी ते चांगले लक्षण आहे. आपल्या आरटीओसमोर मात्र त्या शब्दांना वजन नाही.

आपल्याकडची कायद्याची बाजू स्पष्टच सांगतो, कारण अनेक हौशी बांधणारे इथे फसतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मुळात दिलेला आणि नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आपली चौकट तर पूर्णपणे नवी आहे, त्यामुळे हा फेरफार न राहता नवे वाहनच ठरते आणि जुन्या हॅचबॅकचे आरसी बुक तिला चालणार नाही. नव्या वाहनाचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि एका गाडीसाठी तो खर्च बहुतेकांना झेपत नाही. म्हणून सिंधुदुर्गच्या आरटीओला आधी लेखी विचारावे, तोंडी आश्वासनावर एकही वेल्डिंग करू नये, आणि परवानगी मिळेपर्यंत गाडी कातळसड्यावरच्या आपल्या खासगी जागेतच फिरवावी. तिथे फिरणाऱ्या गाडीलाही मी पुढचे सगळे तितक्याच काटेकोरपणे लावतो, कारण सड्यावरच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळलेली छाती नोंदणी विचारत नाही.

कोणते व्हील योग्य, हे काही अंशी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. हॅचबॅक कोणत्या वर्षाची आहे, तिच्या कॉलमची रचना कशी आहे, आपण आसन किती खाली नेले आहे, रॅक मूळ जागी आहे की पुढे सरकवला आहे, आणि पुढचे टायर मूळ मापाचेच ठेवले आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. त्यामुळे मी अंतिम निवाडा न देता निवडीचा क्रम सांगतो.

आधी कॉलम उतरवून बाकावर आडवा ठेवा. व्हील काढताना पुलर, म्हणजे ओढून काढायचे हत्यार, वापरा. दांड्याच्या टोकावर हातोडी मारू नका, कारण अनेक कॉलमांमध्ये आतला दांडा दोन तुकड्यांचा असून ते तुकडे प्लास्टिकच्या बारीक पिनांनी एकमेकांत धरलेले असतात, आणि दोन-चार ठोक्यांत त्या पिना तुटतात. मग कॉलम वरून जसाच्या तसा दिसतो, पण आतून ढिला झालेला असतो. बाकावर ठेवल्यावर दांड्याच्या मधल्या भागात प्लास्टिक भरलेली छोटी भोके ठिपक्यांसारखी दिसतात का, बाहेरची नळी एकात एक शिरणारी आहे का, आणि डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटला उघड्या खाचा आहेत का, हे पाहा. त्या खाचा निष्काळजीपणाच्या नाहीत. धडकेत कॉलम तिथूनच निसटून पुढे दबतो. पुष्कळ फॅब्रिकेटर मजबुतीच्या नावाखाली नेमके तेच ब्रॅकेट चौकटीला चारी बाजूंनी वेल्ड करतात आणि दबणाऱ्या कॉलमची सळई करून टाकतात. ब्रॅकेट मूळ बोल्टांनी, मूळ कोनाच्या शक्य तितके जवळ बसवा आणि कॉलम दबताना जिथे सरकेल तिथे पेडलची पट्टी, वायरिंगचा जुडगा किंवा चौकटीची नळी येऊ देऊ नका.

कॉलम आणि रॅक यांच्यामध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनातही फिरणारे सांधे, असलेला तिरका दांडा असावा, म्हणजे पुढून मार बसला तर तो त्या सांध्यांत मोडून बाजूला जातो. दोन्ही जॉइंटची तोंडे एका रेषेत ठेवा. ती चुकली तर व्हील एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलके लागते. दांडा कमी पडला तर वेल्डिंग करून लांबवू नका. योग्य लांबीचा, दोन्ही टोकांना स्प्लाइन, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या दातेरी खाचा, असलेला तयार दांडा शोधा. महिना लागला तर लागू द्या.

आता व्हील. माझी पहिली पसंती आपल्या तीन पर्यायांत नाहीच. त्याच हॅचबॅकचे, एअरबॅग नसलेल्या प्रकाराचे, मधोमध जाड गादी असलेले मूळ व्हील घ्या. ते त्याच कॉलमसाठी घडलेले आहे, त्याची स्प्लाइन बसते, त्याचे कडे आणि आरे आघात झाल्यावर वाकतील अशी बनवलेली असतात, आणि हॉर्नची जोडणीही तयार मिळते. ते दिसायला साधे आहे, हे मला मान्य आहे. आपल्याकडचे व्हील एअरबॅगचे असेल तर मात्र एअरबॅग काढून रिकाम्या खळग्यावर झाकण लावणे हा मार्ग घेऊ नका, कारण गादीच्या जागी उरते ते पत्र्याचे कडक ब्रॅकेट. एअरबॅग चालू ठेवणेही नळ्यांच्या चौकटीत भरवशाचे नाही. ती कधी फुगावी हे मूळ गाडीच्या सांगाड्यावरून, सेन्सरवरून आणि सीट बेल्टच्या पट्ट्यावरून ठरवलेले असते. तिला हात लावण्याआधी बॅटरी सोडवा, निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, आणि काढलेली एअरबॅग नेहमी गादीची बाजू वर ठेवूनच ठेवा.

मूळ व्हील आसनाच्या मापामुळे बसतच नसेल, म्हणजे मांड्यांना घासत असेल, तर ३५० मिमीचे व्हील विचारात घ्यायला हरकत नाही. त्यावर वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि देशाचा क्रमांक कोरलेला आहे का ते पाहा. हे व्हील स्वतः चाचणीतून गेल्याचे ते चिन्ह आहे. केवळ चिकटवलेल्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. मग स्वतः तपासा. १२ क्रमांकाच्या नियमात १६५ मिमी व्यासाचा गोळा, म्हणजे साधारण लहानशा असोल्या नारळाएवढा, चालकाच्या बाजूने व्हीलवर जिथे जिथे टेकू शकतो तिथे २.५ मिमीपेक्षा कमी त्रिज्येची धार असू नये, अशी अट आहे. रेडियस गेज नसेल तर ५ मिमी जाडीच्या ड्रिलची गुळगुळीत दांडी त्या कडेशेजारी धरा. तिची त्रिज्या अडीच मिमीच असते, त्यामुळे आऱ्याची कड त्याहून तीक्ष्ण आहे का ते नजरेलाही कळते. स्वस्त व्हीलच्या आऱ्यांना पत्रा कापल्याची धार तशीच राहिलेली असते आणि हबचे सहा बोल्ट उघडे, टोकदार असतात. त्याच नियमात कपडे किंवा दागिने अडकतील असा कोणताही भाग नको असेही म्हटले आहे. त्यासाठी सैल बाहीचा सदरा आणि हातात कडे किंवा बांगडी घालून व्हील दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. आऱ्यांतल्या लांबट खाचांत बाही अडकते ती इथेच कळते.

व्हीलचा खोलगटपणा मला व्यासापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कडे चालकाकडे पुढे आणि हब मागे असेल, तर छाती आधी कड्याला लागते, आरे वाकतात आणि हबपर्यंत पोहोचेपर्यंत वेगातला बराच जोर खर्च होतो. सपाट व्हीलमध्ये हब आणि कडे एकाच पातळीवर असल्यामुळे पहिलाच मार उरोस्थीवर बसतो. मात्र खोलगट व्हील कडे आपल्या जवळ आणते, म्हणून आसनावर पट्टा लावून बसल्यावर छातीचे हाड आणि व्हीलचा मध्य यांत किमान २५ सेंमी अंतर मोजून घ्या. मधली गादी मऊ आणि हबच्या सगळ्या बोल्टांना झाकणारी असावी.

२८० मिमीच्या व्हीलला माझा स्पष्ट नकार आहे. मूळ व्हील ३७० मिमीचे धरले तर तेच चाक वळवायला हाताला सुमारे ३२ टक्के जास्त जोर लागेल, आणि टायर रुंद केले असतील तर त्याहून जास्त. सपाट धावपट्टीवर हे खपते. कुंभार्ली किंवा आंबा घाटातल्या हेअरपिन वळणावर, पावसात, समोरून एसटी येत असताना खपत नाही. झटक्यात काढता येणारा हब व्हीलला चालकाकडे आणखी पुढे आणतो आणि साखळीत झिजणारा एक सांधा वाढवतो. दार नसलेल्या गाडीत चढणे अवघड जाते ही आपली अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय आसनाची सरकपट्टी हा आहे.

लाकडी कड्याचे स्वप्न मला समजते. फणसाचे लाकूड सुंदर दिसते आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी पाहत वाढलेल्या माणसाला ते हातात असावेसे वाटणारच. परंतु कारखान्यात बनलेल्या चांगल्या लाकडी व्हीलमध्येही आत धातूचे अखंड कडे असते आणि लाकूड त्याच्यावर फक्त कवच म्हणून बसवलेले असते. नुसते लाकडाचे कडे धडकेत वाकत नाही, फुटते. फुटलेल्या लाकडाची ढलपी कुठे जाईल हे कोणीही सांगू शकत नाही. शिवाय आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, ऑक्टोबरच्या उन्हात आकसते आणि सांधे उघडतात. आपल्या सुताराकडून डॅशबोर्डची पट्टी आणि गिअरची मूठ करून घ्या. तिथे तो जीव ओतू शकेल.

हबविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावर खरा घात इथे होतो. काही वर्षांपूर्वी मालवणच्या एका ग्राहकाची जीप माझ्याकडे आली. ‘व्हील जरा हलते’ एवढीच तक्रार होती. हॉर्नचे बटण काढले तर आत चुन्यासारखी पांढरी भुकटी साचलेली होती आणि नट बोटांनी फिरला. हब पूर्ण ॲल्युमिनियमचा होता, त्याच्या आतल्या खाचा गोल झालेल्या होत्या, आणि व्हील धरून वरखाली केले की ते कॉलमवर डुलत होते. लोखंडी दांड्यावर बसलेल्या ॲल्युमिनियमला खारी दमट हवा मिळाली की ॲल्युमिनियमच झिजते. ते तीन पावसाळ्यांत झिजले होते. बसवणाऱ्याने नट नीट आवळला असता तरी ते झिजले असते, फक्त थोडे उशिरा. त्या दिवशी ती गाडी मालवणहून रत्नागिरीपर्यंत चालवत आणली होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

तेव्हापासून मी दोन प्रकारचेच हब बसवतो. एक पूर्ण पोलादी, दुसरा ॲल्युमिनियमचा पण आत पोलादी स्प्लाइनचा तुकडा असलेला. हबच्या खाचा दांड्यावर पूर्ण खोलीपर्यंत बसल्या पाहिजेत आणि नट पूर्ण चढून दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. नट नवा, स्वतः न सुटणारा आणि मूळ गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळलेला असावा. खाचा जुळत नाहीत म्हणून कानस लावणे, किंवा जुन्या व्हीलचा मधला भाग कापून त्यावर लेथवाल्याकडून चकती वेल्ड करून घेणे, ही दोन्ही कामे मी कितीही आग्रह झाला तरी करत नाही. बोल्टांच्या वर्तुळाचाही घोळ होतो. मोमो व्हीलला सहा भोके ७० मिमीच्या वर्तुळावर असतात, नार्डीला ७४ मिमीच्या. फरक एका बाजूला दोनच मिमीचा दिसतो, म्हणून लोक भोके लांबट करतात. लांबट भोकात बोल्ट सरकतो आणि काही महिन्यांत ढिला होतो. दोन्ही वर्तुळांची भोके असलेला हब मिळतो, तो घ्या.

आवरणाच्या बाबतीत, इकडच्या दमट हवेत चामड्याला पावसाळाभर बुरशी येते, त्यामुळे उघड्या गाडीत मी साच्यात ओतलेले पॉलियुरेथेनचे कडे सुचवतो. वरून चढवायचे सैल कव्हर कधीही नको, ते ओल्या हातात फिरते.

सगळे बसल्यावर प्ले, म्हणजे चाके न वळता व्हील जितके मोकळे फिरते ते, मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९८ मध्ये स्टीअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नको आणि बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात असे आहे. ३७० मिमीच्या व्हीलवर ३० अंश म्हणजे कड्यावर जवळजवळ ९७ मिमी. ही सर्व प्रकारच्या वाहनांसाठीची शेवटची मर्यादा आहे. आपल्या हलक्या, रॅकच्या गाडीत एका बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त प्ले आला तर मी गाडी शेडबाहेर काढत नाही. ही तपासणी दरवर्षी मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर करा, आणि प्रत्येक वेळी हॉर्नचे बटण उघडून हबच्या खाचा डोळ्यांनी पाहा.

म्हणजे आपल्यासाठी क्रम असा राहतो: दबणारा कॉलम त्याच्या मूळ ब्रॅकेटसह, मग दोन सांध्यांचा दांडा, मग पोलादी स्प्लाइनचा हब, आणि सर्वांत शेवटी व्हील. त्यातही मूळ गाडीचे पहिले आणि ३५० मिमीचे दुसरे. कॉलम बाकावर ठेवलात की त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो, गाडीचे निर्मितीचे वर्ष, दांड्याच्या टोकाचा स्प्लाइनवरचा व्यास आणि आसनावर बसल्यावर मांडी ते डॅशबोर्ड यांतले अंतर कळवा. इंग्लंडच्या विक्रेत्याला पैसे तोवर पाठवू नका.